चिनी सुई आणि सह्याद्रीचा झाडपाला

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चर हा आज कायद्याच्या चौकटीत आलेला उपचार आहे. शरीरावरील ठरावीक बिंदूंमध्ये अतिशय बारीक सुया टोचून दुखणे कमी करण्याच्या या चिनी पद्धतीला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २००३ साली एक उपचारप्रकार म्हणून आणि २०१९ साली स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली, तर राज्याने २०१५ च्या अधिनियमाद्वारे ॲक्युपंक्चर करणाऱ्यांचे शिक्षण, नोंदणी आणि व्यवसाय यांच्या नियमनासाठी परिषदेची तरतूद केली. याच चिनी वैद्यकाची दुसरी आणि चीनमध्ये अधिक मोठी मानली जाणारी शाखा म्हणजे वनौषधी. तिला मात्र भारतात असे स्थान नाही. आयुष मंत्रालयाच्या कक्षेत आयुर्वेद, योग व निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा आणि होमिओपॅथी येतात, चिनी औषधे येत नाहीत. त्यामुळे ‘समग्र चिनी उपचार’ अशी पाटी एखाद्या शहरात दिसते तेव्हा तिच्यामागे कायदा, पुरावा आणि धोका या तिन्ही दृष्टींनी अगदी भिन्न अशा दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. वेदगंगेच्या काठी वसलेल्या गारगोटीसारख्या तालुक्याच्या गावातून, भातलावणीने कंबर धरलेली किंवा उसाच्या मोळ्या वाहून गुडघे झिजलेली माणसे उपचारासाठी कोल्हापूरची वाट धरतात, तेव्हा त्यांना या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहता येणे गरजेचे आहे.

समग्रतेची चिनी कल्पना

चिनी वैद्यकाचा पायाभूत ग्रंथ ‘ह्वांगदी नेइजिंग’ हा साधारण दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झाला. या ग्रंथानुसार शरीरात ‘च्यी’ नावाची चैतन्यशक्ती ठरावीक मार्गांनी वाहते, यिन आणि यांग या परस्परविरोधी पण परस्परपूरक प्रवृत्तींचा समतोल म्हणजे आरोग्य, आणि तो प्रवाह अडला किंवा समतोल ढळला म्हणजे रोग. शक्तीच्या या मार्गांना इंग्रजीवरून ‘मेरिडियन’ म्हणण्याची पद्धत पडली असून बारा मुख्य आणि दोन मध्यवर्ती अशा चौदा मार्गांवर ३६१ बिंदू मोजले जातात. बिंदूची जागा ठरवताना रुग्णाच्याच अंगठ्याची रुंदी हे माप धरले जाते, त्यामुळे उंच आणि ठेंगण्या माणसाच्या शरीरावर तोच बिंदू वेगवेगळ्या अंतरावर सापडतो. लाकूड, अग्नी, पृथ्वी, धातू आणि पाणी अशी पाच तत्त्वेही या वैद्यकात मानलेली आहेत. पंचमहाभूतांची सवय असलेल्या मराठी वाचकाला ही मांडणी ओळखीची वाटली, तरी तिच्यात वायू आणि आकाश नाहीत, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

वैद्य रुग्णाची जीभ पाहतो, दोन्ही मनगटांवरील नाडी तपासतो, झोप, भूक, शौच, घाम, मासिक पाळी आणि मनःस्थिती यांची चौकशी करतो, आणि या सगळ्यांचा मेळ घालून असमतोलाचा एक नमुना ठरवतो. त्यामुळे डोकेदुखीच्या दोन रुग्णांना दोन निराळे उपचार मिळू शकतात. या पद्धतीला ‘समग्र’ म्हणतात ते याच अर्थाने: रोगाला रुग्णापासून तोडून पाहायचे नाही, हा तिचा आग्रह असतो. आयुर्वेदातील नाडीपरीक्षा, प्रकृतिविचार आणि पथ्य यांच्याशी परिचित असलेल्या समाजाला हा आग्रह परका वाटण्याचे कारण नाही.

सुश्रुताने सांगितलेली १०७ मर्मे आणि चिनी बिंदू एकच आहेत, असे मात्र पुष्कळदा सांगितले जाते, ते तपासून घ्यावे लागते. मर्म म्हणजे जिथे आघात झाला असता प्राणावर बेतू शकते किंवा कायमचे व्यंग येऊ शकते अशी जागा, आणि शल्यकर्म करणाऱ्याने ती जपावी हा त्या वर्णनाचा मुख्य हेतू होता. चिनी बिंदू म्हणजे जिथे मुद्दाम सुई टोचावी अशी जागा. दोन्ही परंपरांनी शरीराचे बारकाईने निरीक्षण केले हे खरे, पण त्यावरून एक दुसरीची जननी ठरत नाही. ग्रामीण महाराष्ट्राला अधिक जवळचे साम्य तुंबडीत सापडते. शिंग किंवा भांडे त्वचेवर चिकटवून आतील हवा ओढून घेण्याची तुंबडी लावण्याची रीत आणि चीनमधील पेले लावण्याची रीत या एकाच प्रकारच्या क्रिया असून, असे उपचार जगाच्या अनेक भागांत रूढ होते.

कोटणीसांच्या पथकापासून कायद्यापर्यंत

ॲक्युपंक्चर भारतात आले त्या वाटेवर सोलापूरचे नाव आहे. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीसाठी भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. डॉ. मदन अटल हे त्याचे प्रमुख होते आणि नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू व डॉ. मुखर्जी हे इतर सदस्य होते. १९१० साली जन्मलेले आणि मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले कोटणीस चिनी साम्यवाद्यांच्या ‘आठव्या मार्ग सैन्या’च्या जखमींवर शस्त्रक्रिया करत उत्तर चीनमध्येच राहिले, तेथील बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच निवर्तले. कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांनी १९४६ साली ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढून त्यांचे नाव घराघरांत पोहोचवले.

कोटणीस हे शल्यविशारद होते आणि त्यांचे काम आधुनिक शस्त्रक्रियेचे होते. सुयांचा उपचार भारतात आणण्याचे श्रेय त्यांचे सहकारी डॉ. बसू यांच्याकडे जाते. बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, तेथे त्यांनी ॲक्युपंक्चरचे शिक्षण घेतले आणि १९५९ पासून कलकत्त्यात हा उपचार सुरू केला. पुढे कोटणीसांच्या नावाने उभ्या राहिलेल्या स्मारक समित्यांनी त्याचा प्रसार केला, लुधियानात कोटणीसांच्याच नावाचे ॲक्युपंक्चर रुग्णालय निघाले, आणि पश्चिम बंगालने १९९६ साली या पद्धतीसाठी स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्राचा अधिनियम त्यानंतर जवळजवळ दोन दशकांनी आला.

पाश्चात्त्य जगाचे लक्ष या उपचाराकडे वळले ते १९७१ च्या जुलैमध्ये. अमेरिकी पत्रकार जेम्स रेस्टन यांचे आंत्रपुच्छ पेकिंगमध्ये शस्त्रक्रियेने काढण्यात आले आणि त्यांचा अनुभव ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छापून आला. त्यांची शस्त्रक्रिया सुया टोचून, भूल न देता झाली अशी दंतकथा आजही सांगितली जाते. प्रत्यक्षात शस्त्रक्रियेसाठी नेहमीचे बधिरीकरणाचे इंजेक्शन दिले गेले होते आणि सुयांचा उपयोग झाला तो नंतर, पोट फुगून होणारा त्रास कमी करण्यासाठी. चिनी वैद्यकाविषयीच्या अनेक चमत्कारिक कथांमागील वस्तुस्थिती अशीच, कथेपेक्षा लहान पण तरीही दखल घेण्याजोगी असते.

सुई नेमके काय करते

च्यी किंवा तिचे मार्ग शरीररचनाशास्त्राला सापडलेले नाहीत, परंतु सुईचा परिणाम मज्जासंस्थेच्या भाषेत बऱ्याच अंशी सांगता येतो. सुई त्वचेतून स्नायूत जाते आणि फिरवली जाते तेव्हा तेथील मज्जातंतू उद्दीपित होतात, त्यांचे संदेश पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांना अडथळा करतात आणि मेंदूतून एंडॉर्फिन नावाची, अफूसारखी वेदनाशामक द्रव्ये स्रवतात. अफूजन्य औषधांचा परिणाम रोखणारे नॅलोक्सोन हे औषध दिल्यास सुईने मिळणारी वेदनामुक्तीही कमी होते, असे १९७० च्या दशकातील प्रयोगांत दिसून आले, आणि एंडॉर्फिनचा या क्रियेत सहभाग असल्याच्या मताला त्यातून बळ मिळाले. सुयांना सौम्य विद्युतप्रवाह जोडण्याची रीतही याच तत्त्वावर आधारलेली आहे.

खरी कसोटी मात्र वेगळी आहे. उपचार होत आहे या विश्वासानेच रुग्णाला काही अंशी बरे वाटते, आणि या परिणामाला वैद्यकात ‘प्लासिबो’ म्हणतात. सुईचा स्वतःचा गुण किती आणि विश्वासाचा किती, हे ठरवण्यासाठी संशोधक काही रुग्णांना शास्त्रोक्त बिंदूंवर, तर काहींना मुद्दाम चुकीच्या जागी आणि वरवर सुया टोचतात. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सहा महिन्यांनंतर खऱ्या सुयांच्या गटात ४७.६ टक्के, खोट्या सुयांच्या गटात ४४.२ टक्के आणि औषधे व व्यायाम अशा नेहमीच्या उपचारांच्या गटात २७.४ टक्के रुग्णांना समाधानकारक आराम पडला. सुयांचे दोन्ही गट नेहमीच्या उपचारापेक्षा बरेच पुढे राहिले, याकडे ॲक्युपंक्चरचे समर्थक बोट दाखवतात. बिंदू बरोबर असो वा चूक, फरक जवळजवळ पडला नाही, याकडे टीकाकार बोट दाखवतात. दोघांचेही म्हणणे त्याच आकड्यांतून निघते, आणि त्यातून निघणारा निष्कर्ष असा की सुई टोचून घेणे उपयोगी पडू शकते, पण त्या उपयोगाने बिंदू आणि मार्ग यांचा प्राचीन नकाशा सिद्ध होत नाही.

सरकारी संस्थांचे मतही याच दोलायमान स्थितीची साक्ष देते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या तज्ज्ञ मंडळाने १९९७ साली शस्त्रक्रियेनंतरची व कर्करोगाच्या औषधांमुळे होणारी मळमळ आणि दाताच्या शस्त्रक्रियेनंतरची वेदना यांवर ॲक्युपंक्चर गुणकारी असल्याचे म्हटले. मळमळीसाठी वापरला जाणारा ‘नेइग्वान’ हा बिंदू मनगटाच्या आतील घडीपासून सुमारे तीन बोटे वर, दोन कंडरांच्या मध्ये असतो आणि त्यावर नुसता दाब देऊनही काहींना बरे वाटते. ब्रिटनच्या ‘नाइस’ या मार्गदर्शक संस्थेने कंबरदुखीसाठी २००९ साली केलेली शिफारस २०१६ साली मागे घेतली, पण २०२१ साली, निश्चित कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनेसाठी मात्र ॲक्युपंक्चरचा पर्याय मान्य केला. मधुमेह, क्षय, कर्करोग किंवा हृदयविकार सुयांनी बरा होतो, असे मानण्यास आधार नाही.

धोक्यांचा विचार करता, प्रशिक्षित हाताने केलेले ॲक्युपंक्चर बऱ्यापैकी सुरक्षित आहे. किंचित रक्त येणे, काळेनिळे पडणे किंवा भोवळ येणे हे किरकोळ त्रास होतात. पण छातीवर किंवा खांद्याजवळ सुई खोल गेल्यास फुफ्फुसाला छिद्र पडून छातीत हवा साठू शकते, आणि एकदा वापरलेली सुई पुन्हा वापरल्यास कावीळ ‘ब’ व ‘क’ यांचा संसर्ग होऊ शकतो. म्हणून सीलबंद, निर्जंतुक आणि एकदाच वापरून टाकण्याची सुई रुग्णासमोरच उघडली जाणे, ही किमान अट समजली पाहिजे.

झाडपाल्याचा हिशेब

चिनी वनौषधींचा पसारा फार मोठा आहे. ली शिचेन या वैद्याने १५७८ साली पूर्ण केलेल्या आणि १५९६ साली छापल्या गेलेल्या ‘बन्साओ गांगमू’ या निघंटूत १,८९२ द्रव्यांचे वर्णन आहे. औषध सहसा एकट्या वनस्पतीचे नसते. मुख्य द्रव्य, त्याला बळ देणारे, त्याचा दोष आवरणारे आणि सर्वांचा मेळ घालणारे अशी द्रव्यांची योजना करून काढा केला जातो. ज्येष्ठमध, सुंठ आणि दालचिनी या मराठी घरांतल्या वस्तू या काढ्यांतही नेहमी असतात.

या भांडारातून आधुनिक वैद्यकाला जे मिळाले त्याची दोन उदाहरणे कोल्हापूरच्या परिसराशी विलक्षण रीतीने जोडलेली आहेत. पहिले दवण्याचे. वाडी रत्नागिरीच्या जोतिबाला वाहिला जाणारा दवणा हा ‘आर्टेमिसिया’ या प्रजातीतला. सुयांच्या जोडीने शरीराला शेक देण्यासाठी चिनी वैद्य ज्या वनस्पतीची वाळलेली पाने जाळतात तीही याच प्रजातीतली. आणि जगात लाखो प्राण वाचवणारे हिवतापावरील आर्टेमिसिनीन हे औषधही याच प्रजातीच्या, ‘आर्टेमिसिया ॲन्युआ’ या तिसऱ्या जातीतून निघाले. चीनमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या लष्करी संशोधन प्रकल्पात तु यूयू यांनी शेकडो पारंपरिक पाठ तपासले. उकळून केलेल्या अर्काचा गुण टिकत नाही असे दिसल्यावर चौथ्या शतकातील ग हाँग या वैद्याने वनस्पती पाण्यात भिजवून पिळून घ्यायला सांगितले होते, या नोंदीने त्यांचे लक्ष वेधले. त्यावरून त्यांनी कमी तापमानाला इथरमध्ये अर्क काढला आणि तो परिणामकारक ठरला. या कामाबद्दल त्यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जुन्या ग्रंथाने दिशा दाखवली, पण औषध सिद्ध झाले ते प्रयोगशाळेत आणि रुग्णांवरील चाचण्यांत. प्रजाती एक असली तरी गुण एक नसतात, त्यामुळे जोतिबाच्या दवण्याने हिवताप जातो असे या इतिहासावरून म्हणता येत नाही.

दुसरे उदाहरण नरक्याचे. नंदुरबार येथे १९२५ साली जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी आणि त्यांचे अमेरिकी सहकारी मन्रो वॉल यांनी १९६६ साली ‘कॅम्पटोथेका’ या चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन हे द्रव्य वेगळे काढले. ते कर्करोगाच्या पेशींना मारते पण मूळ रूपात फार विषारी आहे, हे १९७० च्या दशकातील चाचण्यांत कळले, आणि त्यात रासायनिक बदल करून तयार केलेली टोपोटेकान व इरिनोटेकान ही औषधे १९९६ साली अमेरिकेत मान्य झाली. दरम्यान १९७२ साली भारतीय रसायनशास्त्रज्ञांना हेच द्रव्य पश्चिम घाटात वाढणाऱ्या, उग्र दुर्गंधीमुळे नरक्या म्हटल्या जाणाऱ्या झाडात सापडले. परिणामी कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या जंगलांतून नरक्याची बेकायदा तोड व तस्करी सुरू झाली आणि एके काळी कोणी न विचारलेले हे झाड संकटग्रस्त झाले. वनस्पतीचे मोल कळण्याबरोबर तिच्या संरक्षणाची व्यवस्था झाली नाही तर औषध हाती येते आणि वन जाते.

या हिशेबाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी ब्रुसेल्समधील एका वजन घटवण्याच्या उपचारकेंद्रात चिनी वनस्पती असलेल्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. चिनी नावांतील सारखेपणामुळे एका वनस्पतीऐवजी ‘ॲरिस्टोलोकिया’ प्रजातीतील दुसरीच वनस्पती वापरली गेली होती. शंभराहून अधिक रुग्णांना बाधा झाली आणि त्यांपैकी अनेकींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. ॲरिस्टोलोकिक आम्ल माणसात कर्करोग निर्माण करते, हे आता आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य आहे. ईश्वरी किंवा सापसंद या नावाने ओळखली जाणारी आणि सर्पदंशावर वापरली गेलेली भारतीय वेल याच प्रजातीतली आहे. म्हणजे ‘झाडपाला आहे, अपाय होणार नाही’ हा समज चीनच्या बाबतीत जितका चुकीचा, तितकाच सह्याद्रीच्या बाबतीतही चुकीचा आहे. ज्येष्ठमधासारखे निरुपद्रवी वाटणारे द्रव्यही मोठ्या प्रमाणात दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढवते आणि रक्तातील पोटॅशियम घटवते. याखेरीज सांधेदुखीवर विकल्या जाणाऱ्या अनधिकृत चूर्णांत आणि गोळ्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळल्याच्या घटना भारतात तसेच परदेशातही नोंदल्या गेल्या आहेत. अशा औषधाने आठवड्यात येणारा आराम पुढे हाडे, साखर आणि प्रतिकारशक्ती यांच्या मुळावर येतो.

गारगोटीच्या दृष्टीने

समग्र आरोग्याचा आणखी एक अर्थ आहे आणि त्याचा संबंध गारगोटीशी थेट येतो. या गावी श्री मौनी विद्यापीठाची उभारणी करणारे शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक हे पुढे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे सदस्य-सचिव झाले, आणि ही परिषद व भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या संयुक्त अभ्यासगटाने १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या ‘सर्वांसाठी आरोग्य’ या अहवालाच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता. रुग्णालये आणि औषधे वाढवल्याने आरोग्य येत नाही, त्यासाठी पोषण, शुद्ध पाणी, स्वच्छता, शिक्षण, दारिद्र्यनिवारण आणि गावातूनच निवडलेले आरोग्यसेवक हवेत, असा त्या अहवालाचा रोख होता. चीनमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून काही महिन्यांचे प्रशिक्षण घेऊन सुया, वनौषधी आणि लसी यांच्या साहाय्याने खेड्यांत काम करणाऱ्या ‘अनवाणी डॉक्टरां’चा प्रयोग त्या काळात जगभर चर्चिला जात होता. त्या प्रयोगाचे यश सुयांइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, लसीकरण, स्वच्छता आणि गावातच उपलब्ध असलेला माणूस यांचे होते.

वाकून भात लावणाऱ्या स्त्रीच्या कंबरदुखीत तिच्या कामाची पद्धत, तिच्या रक्तातील हिमोग्लोबिन, तिला मिळणारी विश्रांती आणि तिच्या घरची परिस्थिती हे सर्व सामील असते. तिच्याशी अर्धा तास बोलून हे सर्व विचारणारा ॲक्युपंक्चरचा जाणकार तिला काही देतो, यात शंका नाही, आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात हा वेळ मिळत नाही हे आधुनिक व्यवस्थेचे वैगुण्य मान्यच केले पाहिजे. परंतु रुग्णाकडे समग्रपणे पाहणे ही वैद्याची वृत्ती आहे, ती कोणत्याही पद्धतीत असू शकते, आणि ती असल्यामुळे दिलेला प्रत्येक उपचार खरा ठरत नाही. सुईला सुईच्या पुराव्यावर आणि प्रत्येक वनस्पतीला तिच्या स्वतःच्या पुराव्यावर तोलावे लागते.

व्यवहारात याचा अर्थ सरळ आहे. जुनाट कंबरदुखी, गुडघेदुखी, मानदुखी किंवा वारंवार होणारी डोकेदुखी यांवर, आधी डॉक्टरांकडून तपासणी करून गंभीर कारण नसल्याची खात्री झाल्यावर, ॲक्युपंक्चर करून पाहण्यास हरकत नाही. मात्र उपचार करणाऱ्याची राज्य परिषदेकडील नोंदणी विचारावी, सुई नवी असल्याचे पाहावे, रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास किंवा गर्भावस्था असल्यास ते आधी सांगावे, आणि काही बैठकांनंतर फरक न पडल्यास थांबावे. पाय बधिर होणे, लघवीवरील ताबा जाणे, ताप किंवा वजन घटणे यांसह कंबरदुखी असेल तर सुयांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. घटकद्रव्ये, उत्पादकाचे नाव व परवाना क्रमांक नसलेले कोणतेही चूर्ण, गोळी किंवा काढा, मग तो चिनी असो वा गावठी, घेऊ नये, आणि रक्तदाब, मधुमेह किंवा क्षय यांची चालू औषधे कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नयेत.